पाणी का आले नाही, हे सांगण्यास मनाई

आकाशवाणीच्या बातम्या एकसुरी आणि सरकारी वाटतात, ही श्रोत्यांची तक्रार जुनी आहे. परंतु तिचे मूळ संपादकांच्या कुवतीपेक्षा परवान्याच्या अटींनी जपलेल्या मक्तेदारीत अधिक आहे. वृत्तपत्रे आणि खासगी वृत्तवाहिन्यांना बातमी देण्याची मुभा असलेल्या या देशात खासगी एफएम केंद्राला मात्र केवळ आकाशवाणीचे बातमीपत्र, तेही जसेच्या तसे, ऐकवता येते. प्रक्षेपणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले असताना हा निर्बंध टिकून राहावा, हे समर्थनीय नाही.

एफएम धोरणाच्या २०११ मधील तिसऱ्या टप्प्यात ‘बातमी नव्हे’ असे मानल्या जाणाऱ्या विषयांची यादी दिली असून तीत वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल यांबरोबर पाणी व विजेविषयीच्या घोषणाही आहेत, मात्र त्या स्थानिक प्रशासनाने पुरवलेल्या असाव्यात. म्हणजे उद्या पाणी येणार नाही, एवढे केंद्र सांगू शकते. जलवाहिनीची दुरुस्ती कोणामुळे रखडली, याचा शोध घेऊन ते सांगणे ही बातमी ठरते.

सामुदायिक रेडिओ, म्हणजे स्थानिक संस्थेने नफ्याविना चालवलेले, साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत ऐकू येणारे केंद्र, याची कोंडी तर अधिक क्लेशकारक आहे. हे क्षेत्र २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना खुले झाल्यावर २००८ मध्ये तेलंगणातील माचनूरला दलित स्त्रियांनी चालवलेले संघम रेडिओ आणि साताऱ्यातील म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. अशा केंद्रांचे आकर्षण उघड आहे: निवेदिका श्रोत्यांच्याच बोलीत बोलते, आणि चूक झाली तर तिला गावातच जाब विचारता येतो. म्हसवड ज्यात येते त्या माण तालुक्यासारख्या दुष्काळी भागात टँकरच्या खेपा आणि चारा छावणी यांहून मोठी बातमी कोणती असू शकते? तरीही स्वतःचा वार्ताहर पाठवून ती देण्याची परवानगी या केंद्रांना नाही.

अफवा आणि सुरक्षिततेचे कारण या बंदीसाठी पुढे केले जाते, पण ते टिकत नाही. सामुदायिक केंद्राला परवाना असतो, पत्ता असतो आणि प्रसारित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवण्याचे बंधनही असते. मोबाइलवरून फिरणाऱ्या निनावी मजकुराला यांतले काहीच नसते. या बंदीविरुद्ध ‘कॉमन कॉज’ संस्थेने २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. निदान ग्रामसभा, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद यांच्या कारभाराचे स्वतंत्र वार्तांकन करण्याची मुभा सरकारला न्यायालयाच्या आदेशाविनाही देता येईल, आणि ती आता द्यायला हवी.