रणभूमीचे दर्शन

करकंबहून मोहोळ तालुक्यातील आष्टीकडे जाणाऱ्या प्रवाशास वाटेत शेते, वस्त्या आणि झाडाखाली विसावलेली गुरे दिसतात. 1818 सालच्या फेब्रुवारी महिन्यात याच प्रदेशात इंग्रजांचा सेनापती स्मिथ दुसऱ्या बाजीरावाचा पाठलाग करीत होता. रात्रभर चालून त्याची फौज पहाटे करकंबास पोहोचली. पेशव्यांचा तळ आष्टीस आहे असे तेथे कळताच त्याने घोडदळ पुढे काढले. 20 फेब्रुवारीस सकाळी गाठ पडली. बाजीराव घोड्यावर बसून निघून गेला. सेनापती बापू गोखले मात्र थोड्या स्वारांनिशी मागे राहिले आणि लढता लढता पडले.

ही हकीकत वाचली म्हणजे मुले प्रथम विचारतात, ‘कोण जिंकले?’ प्रश्न चुकीचा नाही. पण प्रत्यक्ष रणभूमीवर तो फार वेळ टिकत नाही. त्या सकाळी ज्यांनी घोड्यास टाच मारली, त्यांचीही घरी कोणी वाट पाहत होते, ही गोष्ट पुस्तकाच्या पानावर सहसा सुचत नाही. त्या मातीवर उभे राहिले म्हणजे सुचते.

पुण्याजवळ खडकीस दुसऱ्या महायुद्धातील 1,668 सैनिकांची दफनभूमी आहे. तेथील दगड एकाच मापाचे. अधिकाऱ्याचा मोठा आणि शिपायाचा लहान, असा भेद नाही. दगडावर नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि बहुधा वय कोरलेले असते. वीस, एकवीस, तेवीस! बारा वर्षांचा मुलगा ते वाचतो आणि नकळत त्याला आपल्या थोरल्या भावाचे वय आठवते. 1,668 या मोठ्या संख्येने जे होत नाही, ते त्या एका लहानशा आकड्याने होते. त्यांतील पुष्कळ सैनिक परदेशचे, आणि ज्या साम्राज्यासाठी ते लढले त्याच्याविरुद्ध तेव्हा भारत झगडत होता. तरीही त्या दगडांपुढे वैर उरत नाही, आणि त्यात कमीपणा वाटावा असे काही नाही. काही मंडळी अशा ठिकाणीही फराळाचे डबे उघडून हसतखिदळत बसतात. ती वाईट नसतात. त्यांनी एकही दगड नीट वाचलेला नसतो, इतकेच.

बापू गोखल्यांचे नाव इतिहासाने राखले. त्यांच्याबरोबर पडलेल्या साध्या स्वारांची नावे शाळेच्या पुस्तकांत नाहीत, आणि खडकीसारख्या कोरीव दगडांच्या रांगाही आष्टीस नाहीत. म्हणूनच करकंबच्या मुलांनी खडकीच्याही आधी आष्टीस जावे. त्या स्वारांची वये तेथे ज्याची त्यानेच मनाशी ठरवावी लागतात.