गिरणीकामगारांचा रविवार आणि पहाटेची कर्जत लोकल

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे दादरच्या फलाटावर उभे राहिले, तर एरवी न दिसणारी गर्दी दिसते. पाठीवर सॅक, पायात चिखल वाळलेले बूट, पिशवीत पोळीभाजीचा डबा, सोबत एखादी आजी आणि झोपेतून उठवून आणलेली नातवंडे. कुणी कर्जत लोकल पकडून नेरळला उतरणार, कुणी कसारा लोकलने टिटवाळ्याच्या गणपतीला जाणार. संध्याकाळी ही सगळी माणसे चिंब भिजून परततात आणि सोमवारी कामावर हजर होतात. मुंबईकराला ही एक दिवसाची सहल इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणाच्या तरी झगड्यातून हाती आली याचा त्याला विसर पडला आहे.

झगडा झाला तो सुट्टीच्या वारासाठी. मुंबईच्या कापड गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत आणि कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि ‘दीनबंधू’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले आणि त्यातली एक ठळक मागणी रविवारच्या सुट्टीची होती. दुपारी अर्धा तास विसावा आणि वेळच्या वेळी पगार, हेही त्यात होते. दाद लागायला सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे 10,000 कामगार सभेला जमले आणि त्यात दोन स्त्रियांनी भाषणे केली. त्या काळात कामगार बाई हजारोंच्या जमावापुढे उभी राहून बोलते, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत आजच्यापेक्षा मोठ्या अक्षरांत हवी होती. 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षी कारखाना कायद्यात साप्ताहिक सुट्टीची तरतूद आली. घाटावरून आलेल्या कामगाराला तर रविवार खंडोबाचा वार म्हणूनही जवळचा होता.

सुट्टी मिळाली म्हणून कामगार लगेच डोंगरावर गेले नाहीत. कपडे धुणे, भजन, तालीम, गाववाल्यांची बैठक यातच दिवस सरत असणार. सहल आधी साहेबांची आणि शेठांची होती. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 साली माथेरान ‘शोधले’ असे आपण अजूनही म्हणतो. त्या डोंगरातल्या ठाकर-कातकऱ्यांना ते आधीपासून ठाऊक होते.

अंतर तोडले ते आगगाडीने. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी 34 किलोमीटरवरच्या ठाण्याला पोचली. 1856 पर्यंत रूळ खोपोलीला भिडले आणि 1863 साली बोरघाट चढून गाडी थेट पुण्याला जाऊ लागली. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी वडिलांच्या पैशांतून, सुमारे 16 लाख रुपये खर्चून, नेरळ-माथेरानची दोन फुटी लोहमार्गाची गाडी उभारली. ती 1907 साली सुरू झाली. 1930 साली आलेली डेक्कन क्वीनही आरंभी शनिवार-रविवारपुरतीच धावत होती. पण सामान्य माणसाची सहल घडवली ती विजेच्या लोकलने. 1925 साली व्हीटी ते कुर्ला एवढ्याच अंतरावर सुरू झालेली ही सोय पुढे कर्जत, खोपोली आणि कसाऱ्यापर्यंत वाढली. स्वस्त तिकिटात सह्याद्रीच्या पायथ्याशी सोडणारी लोकल या शहराजवळ आहे, ही आम्हाला मुंबईची खरी श्रीमंती वाटते.

गेल्या पंचवीस वर्षांत मात्र सहलीची वाट रुळांवरून रस्त्याकडे वळली. 2002 साली मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि लोणावळा मोटारीचे झाले. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, 21.8 किलोमीटरच्या या पुलावर मोटारसायकल आणि रिक्षा यांना मज्जाव आहे, आणि मोटारीला सुरुवातीला एका फेरीचे 250 रुपये लागत. ज्याच्याकडे मोटार आहे त्याच्यासाठी शहराबाहेरची वाट रुंद होत गेली. उरलेल्यांसाठी, लोकल सोडली, तर फारसे काही बदलले नाही. ज्या रविवारी लोकांना बाहेर पडायचे असते, त्याच रविवारी मेगाब्लॉक असतो. रुळांची डागडुजी व्हायलाच हवी, पण जुलै-ऑगस्टमध्ये कर्जत आणि कसारा मार्गावर सकाळच्या जाण्याच्या आणि संध्याकाळच्या येण्याच्या वेळा तेवढ्या मोकळ्या ठेवता येतील. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या नेहमीच्या लाँच थांबतात, नेरळहून वर चढणारी छोटी गाडीही अमन लॉज स्थानकाखाली विश्रांती घेते. लोकांची ओढ सर्वांत जास्त असते तेव्हाच वाटा सर्वांत कमी उरतात आणि सगळा भार घाटरस्त्यांवर आणि मोजक्या धबधब्यांवर पडतो.

मग अपघात होतात. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. 15 जून 2025 रोजी, रविवारीच, तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. प्रत्येक वेळी प्रशासनाचा उपाय एकच, जमावबंदीचा आदेश. आदेशाने धबधबा बंद होत नाही. माणसे दोन ओढे पलीकडे, अधिक अनोळखी पाण्यात उतरतात. त्यापेक्षा त्याच गावातले पोहता येणारे चार तरुण दोरी आणि शिट्टी देऊन, रीतसर मजुरीवर हंगामभर उभे करावेत.

या सहलींचा भार वाहणाऱ्यांचाही विचार हवा. माथेरानला पाहुण्याला बसवून हातरिक्षा ओढणे बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट 2025 मध्ये सांगावे लागले. ज्या शहापूर तालुक्यातल्या धरणांचे पाणी मुंबई पिते, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो आणि पावसात त्याच पाड्यांच्या ओढ्यांत शहराच्या बाटल्या अडकतात. सहलीला आलेल्याचे पैसे मोठ्या रिसॉर्टच्या फाटकाआत जाण्याऐवजी पायथ्याच्या घरातल्या भाकरी-पिठल्याला मिळायचे, तर माणूस गावात पायी किंवा एसटीने पोचला पाहिजे. कोथळीगडाच्या पायथ्याचे आंबिवली कर्जत तालुक्यातच आहे. रविवारी सकाळी लोकल कर्जतला लागेल तेव्हा स्थानकाबाहेर आंबिवलीची एसटी उभी असावी, आणि अंधार पडायच्या आत तीच गाडी भिजलेल्या माणसांना घेऊन परतीच्या लोकलच्या वेळेला स्थानकात यावी.