गृहचर्चा : द्राक्षमद्यशाळेची सहल

नाशिकास जावयाचें म्हणजे रामकुंड, काळाराम, पंचवटी आणि सवड असल्यास त्र्यंबकेश्वर, हा क्रम आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. अलीकडे मात्र मंडळींपैकीं कोणी तरुण हळूच सुचवितो कीं, गंगापूर धरणाकडे वाइनरी आहे, तीही पाहून जाऊं. आजी ऐकलें न ऐकलेंसें करितात, काका विषय बदलतात. आणि ज्यांस जावयाचेंच असतें ते पुढें केव्हां तरी मित्राकडे जातों असें सांगून जाऊन येतात. ही लपवाछपवी आम्हांस त्या सहलीपेक्षां अधिक चिंतेची वाटते. म्हणून या महिन्यांत त्याच प्रश्नाचा उघड विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा धंदा आपल्याकडे अलीकडचा. १९८० नंतरच्या दशकांत पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें शामराव चौगुले यांनीं फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्यानें फेसाळती वाइन काढिली, आणि ती परदेशींही गेली. नाशिकास राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. पुढल्याच वर्षीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया-उद्योगाचें स्वतंत्र धोरण जाहीर केलें, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें या धंद्यासाठीं औद्योगिक वसाहती झाल्या. आज गंगापूर-सावरगांव, दिंडोरी व इगतपुरी या बाजूंस अनेक मद्यशाळा असून त्यांपैकीं कित्येक पाहुण्यांस हिंडवून सर्व दाखवितात. या भरभराटीला एक दुःखद बाजूही आहे. २००८ नंतरच्या मंदींत मद्यशाळांनीं माल उचलला नाहीं, तेव्हां कित्येक शेतकऱ्यांनीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या वेली उपटून टाकल्या. खाण्याचें द्राक्ष कोणत्याही बाजारांत विकतां येतें. मद्याच्या द्राक्षाला मद्यशाळेवांचून गिऱ्हाईक नाहीं. ही हकीकत पाहुण्यांच्या दालनांत बहुधा ऐकूं यावयाची नाहीं. ती बागेंतल्या माणसांस विचारावी.

पाहण्याजोगें पुष्कळ आहे. जानेवारी ते मार्च हे तोडणीचे दिवस, तेव्हांच जावें. युरोपांत हिंवाळ्यांत वेल झोपी जाते आणि वर्षांतून एकदांच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे तिला झोप येण्याजोगी थंडी नाहीं, म्हणून शेतकरी तिला दोनदां छाटतो. एप्रिलांतल्या खरड छाटणीनें काडी तयार होते. सप्टेंबर-ऑक्टोबरांतल्या फळछाटणीनंतर घड धरतात. मद्याचें द्राक्ष ताटांतल्या द्राक्षासारखें टपोरें नसतें. तें बारीक, जाड सालीचें व बियांचें, पण अतिशय गोड असतें. मुलांस काळें द्राक्ष पिळून दाखवावें. रस पांढुरका निघालेला पाहून तीं चकित होतील. तांबड्या वाइनचा रंग सालींतून उतरतो, म्हणून ती सालीसकट आंबवितात. पांढरीसाठीं रस आधींच काढून घेतात. पुढें पोलादी टाक्यांत यीस्ट रसांतील साखर खातें, आणि तिचा मद्यार्क व कर्बवायु होतो. उष्णता वाढल्यास सुवास उडून जातो, म्हणून त्या टाक्या थंड ठेवाव्या लागतात. ज्यांच्या घरीं द्राक्षासव येतें त्यांस यांत मोठें नवल वाटूं नये. वैद्य धायटीचीं फुलें घालून द्राक्षांचा काढा आंबवितात ती क्रिया हीच, आणि त्यांतही आपोआप निर्माण झालेला मद्यार्क असतो.

मद्य आपल्या पूर्वजांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाच्या प्रकरणीं द्राक्षरसाच्या मद्याचा उल्लेख केला आहे. आणि मनुस्मृतीनें सुरापान महापातकांत गणिलें आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीचा आधार घेऊन दुसरी झांकूं नये.

त्याचप्रमाणें 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हें अलीकडे वारंवार ऐकूं येणारें वाक्यही आम्हांस मान्य नाहीं. २०२२ सालीं मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला, त्या वेळच्या वादांत तें फार गाजलें. आपण साधा हिशेब करूं. वाइनमध्यें शेंकडा सुमारे १३ भाग मद्यार्क असतो. म्हणजे १५० मिलिलिटरच्या एका पेल्यांत तो १९ मिलिलिटरांहून अधिक झाला. ३० मिलिलिटर व्हिस्कींत तो सुमारे १३ मिलिलिटर भरतो. पेला नाजुक आहे, नांव फ्रेंच आहे, एवढ्यानें हा आंकडा बदलत नाहीं. मद्यार्क कर्करोगास कारण होतो असें शास्त्रज्ञांनीं निश्चित केलें आहे, आणि प्रकृतीला पूर्णपणें निर्धोक असें मद्याचें कोणतेंही प्रमाण नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं स्पष्ट सांगितलें.

मग जावें कीं न जावें? आमचें मत असें कीं, जावें. परंतु साखरेचा कारखाना किंवा पैठणीचे माग पाहावयास जावें तसें, सर्वांस सांगून जावें. वडील माणसांस मद्यशाळेच्या दारांत नुसतें बसवून ठेवूं नये. बाग व टाक्या पाहावयास त्यांसही बरोबर न्यावें. चव घेण्याच्या मेजावर 'एक घोट घेतल्यानें काय होतें?' असा आग्रह कोणीं कोणास करूं नये. जावईबापूंनीं सासऱ्यांस करूं नये, आणि थोरल्या दिरानें नव्या सुनेस तर मुळींच करूं नये. ती बिचारी भिडेपोटीं नाहीं म्हणूं शकत नाहीं. कोणाचें व्रत असेल त्याची थट्टा होऊं नये. गाडी चालविणारानें थेंबही घेऊं नये. कायद्यानें ठरविलेलें वय झालेल्या कोणीं चव घेतलीच, तर ती सर्वांसमक्ष घ्यावी, आणि वडिलांनीं त्यावरून वर्षभर टोमणे मारूं नयेत. जें वडिलांसमक्ष घडतें त्याविषयीं बोलतां येतें. प्रमाण सुटूं लागलें तर वेळींच हटकतांही येतें. दार लावून जें चालतें तें घराला कळतें तोंवर बहुधा फार उशीर झालेला असतो.

एका प्रकारच्या घरांनीं मात्र ही सहल टाळावी. ज्या कुटुंबांत कोणी व्यसनांतून नुकताच बाहेर पडला आहे, किंवा अजून त्यांत रुतलेला आहे, तेथें त्याला घरीं ठेवून इतरांनीं जाणेंही बरें नाहीं. त्याला एकटें पाडल्यासारखें होतें, आणि कारण न बोलतां सर्वांस कळतें. अशांनीं त्याला घेऊन ओळखीच्या एखाद्या शेतकऱ्याच्या खाण्याच्या द्राक्षांच्या बागेंत जावें, मांडवाखालीं बसून घड तोडून खावे, आणि येतांना शेजाऱ्यांसाठीं एखादी पेटी घेऊन यावें.