ब्लेडविरहित लेसर आणि आपले कर्तव्य

'ब्लेडविरहित' म्हणजे 'शस्त्रकर्मविरहित' नव्हे, हे रुग्णास प्रथम सांगावयास हवे. या पद्धतीत फेम्टोसेकंद लेसर पारपटलात, म्हणजे कॉर्नियात, सूक्ष्म बुडबुडे निर्माण करून सुमारे १०० ते १२० मायक्रॉन जाडीचा पापुद्रा विलग करतो. तो उचलल्यावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेसर खालील थरास इष्ट आकार देतो. पाते गेले, छेद राहिलाच.

साध्यासाध्यविचार ही आपल्या शास्त्राची शिस्त; ती येथेही लागू पडते. वय १८ वर्षांवर, चष्म्याचा नंबर किमान वर्षभर स्थिर आणि पारपटल पुरेसे जाड असणारा रुग्ण योग्य होय. केराटोकोनस, तीव्र नेत्रशुष्कता, गर्भिणी व स्तनदा अवस्था असल्यास तो अयोग्य. चाळिशीनंतरचा वाचनाचा चष्माही याने कायमचा टळत नाही.

'थेंबांनी नंबर उतरतो' असे आश्वासन देणे जितके अनुचित, तितकाच लेसरला सरसकट विरोधही अनुचित. शस्त्रकर्मानंतर काही महिने डोळ्यांत कोरडेपणा राहू शकतो. त्या काळात नेत्रतज्ज्ञांच्या संमतीवाचून वैद्यांनी अंजन वा तर्पण योजू नये, औषधविक्रेत्यांनी नेत्रबिंदू देऊ नयेत. रुग्णाची दृष्टी आपल्या पद्धतीच्या अभिमानापेक्षा मोठी आहे.