भाकरीचा मान

शहरात उपाशी कोण राहतं, असं आपल्याला सहज वाटून जातं. हात पसरणारा दिसतो. दिवसभर पोती वाहून रात्री वडापाववर भागवणारा दिसत नाही. त्याला भीक नको असते. खिशाला परवडेल असं पोटभर जेवण हवं असतं.

पुण्याच्या हमाल पंचायतीने हे ओळखलं. १९७२च्या दुष्काळानंतर महागाई कष्टकऱ्याच्या ताटापर्यंत पोहोचली होती. १९७४मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने ‘कष्टाची भाकर’ सुरू झाली. हिशेब साधा : ना नफा, ना तोटा. मुंबईत १९७५मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभारलं. सावकाराच्या दारातल्या या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

१९९५ची एक रुपयातली झुणका-भाकर मात्र सरकारी अनुदानावर उभी होती. अनुदान आटलं, योजनाही आटली.

मला यातला फरक मोलाचा वाटतो. पैसे मोजून जेवणारा ‘आज आमटी पातळ झाली’ असं ठणकावून सांगू शकतो. दान घेणाऱ्याला ती सोय नसते.

लग्नात उरलेलं अन्न वाटणं चांगलंच. पण लग्नं रोज नसतात, भूक रोज लागते. तुमच्या भागात अशी खाणावळ कुणी काढत असेल, तर तिला जागा मिळवून द्या, धान्य द्या. आणि एखाद्या रविवारी सहकुटुंब तिथेच, रांगेत उभं राहून, जेवा.