‘तत्सम’ या शब्दात आपण सारे



10 जुलै 2025 रोजी महाराष्ट्राच्या विधानसभेने, आणि दुसऱ्याच दिवशी विधान परिषदेने, विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. विधानसभेत त्याला विरोध नोंदविणारा आमदार एकच निघाला, डहाणूचे विनोद निकोले. बाकीच्यांनी काय वाचले व काय वाचले नाही, ते त्यांचे त्यांना ठाऊक. परंतु आपण ते वाचले पाहिजे. कारण ते आपल्याविषयी आहे.

सरकार म्हणते, हा कायदा नक्षलवाद्यांच्या शहरी हस्तकांसाठी आहे, सामान्य नागरिकाने भिण्याचे कारण नाही. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, आणि तेथून ते परत आले तेव्हा ते ‘कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना किंवा तत्सम संघटना’ यांच्यापुरते मर्यादित केल्याचे सांगण्यात आले. ही मर्यादा होय काय? ‘तत्सम’ म्हणजे कोण, हे कोण ठरविणार? ज्याच्या हाती अधिसूचना काढण्याचा अधिकार आहे, तोच!

अनुभव काय सांगतो? 29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजीत एका बौद्ध कुटुंबातील चौघांची हत्या झाली. आपला समाज रस्त्यावर उतरला, तेव्हा राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी त्या निदर्शनांमागे नक्षलवाद्यांचा हात असल्याचे सांगितले. प्रेते आपली, आक्रोश आपला, आणि हात मात्र दुसऱ्याचा! ‘तत्सम’ हा शब्द तेव्हा कायद्यात नव्हता; सरकारच्या मनात तो होताच.

आता ‘बेकायदेशीर कृत्य’ कशाला म्हटले आहे ते पाहा. कृतीने, बोललेल्या वा लिहिलेल्या शब्दांनी, खुणेने अथवा चित्राने सार्वजनिक व्यवस्थेत अडथळा आणणे हे तर आहेच, पण तसा अडथळा आणण्याकडे कल असणे हेही आहे. आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे अथवा तसा उपदेश करणे हेही आहे. रक्त सांडले पाहिजे, शस्त्र सापडले पाहिजे, अशी अट नाही. ओझरपासून काही कोसांवर नाशिक आहे. तेथे 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि आपल्या वाडवडिलांनी तुरुंगवास पत्करला. तो उपदेश नव्हता काय? दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी 1964 च्या अखेरीस भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. ही अवज्ञा नव्हती काय? ही व्याख्या त्या काळी असती, तर दादासाहेबांची संघटना एका अधिसूचनेने संपविता आली असती.

गडचिरोलीत पोलिसांची हत्या होते, हे मी नाकारीत नाही. 1 मे 2019 रोजी जांभुळखेड्याजवळ पंधरा पोलीस व त्यांचा वाहनचालक सुरुंगस्फोटात मारले गेले. तीही गरिबांचीच मुले होती. परंतु खून, स्फोट, खंडणी यांना शिक्षा देणारे कायदे नव्हते काय? 1967 चा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा आहे. 1999 चा मोक्का आहे. आपल्या ओझरचेच घ्या. 2020 साली विमान कारखान्याची माहिती पाकिस्तानी हेरखात्यास पुरविल्याच्या आरोपावरून तेथील एका कर्मचाऱ्यास अटक झाली, तीही 1923 च्या शासकीय गुपिते कायद्याखाली. देशाच्या लढाऊ विमानांच्या गुपितांसाठी जो जुना कायदा पुरला, तेथे एका सभेसाठी नवा कायदा का लागावा?

येथे वकील म्हणून एक गोष्ट सांगतो. मद्रास सरकारने 1950 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी नावाची संस्था बेकायदेशीर ठरविली. (बाबासाहेबांच्या संस्थेचेही नाव हेच, पण ती मद्रासची निराळी.) व्ही. जी. राव न्यायालयात गेले आणि 1952 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. सल्लागार मंडळाने केलेली एकतर्फी छाननी ही न्यायालयीन चौकशीची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने बजावले. महाराष्ट्राच्या विधेयकात पुन्हा सल्लागार मंडळच आहे. त्यात उच्च न्यायालयाचे आजी वा माजी न्यायमूर्ती अध्यक्ष, एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश, आणि तिसरा सदस्य सरकारी वकील! ज्या पक्षकाराने आरोप केला, त्याचाच वकील निवाड्यास बसणार. 1967 च्या कायद्यात निदान उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचे न्यायाधिकरण तरी आहे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच घटनेत प्रतिबंधक स्थानबद्धता ठेवली. ठेवली, पण 15 सप्टेंबर 1949 रोजी त्यांनी जो अनुच्छेद मांडला, तो त्या अधिकारास मुदतीचा व चौकशीचा लगाम घालण्यासाठी. आणि 1938 साली मुंबईच्या निवडून आलेल्या सरकारने कामगारांचा संप गुन्हा ठरविणारे विधेयक आणले, तेव्हा त्यांनी कायदेमंडळात ते फाडून काढले आणि 7 नोव्हेंबरला कामगारांना रस्त्यावर आणले. ऑक्टोबर 2019 मध्ये वेतनकरारासाठी संपावर गेलेल्या ओझरच्या कामगारांनी हे ध्यानी घ्यावे.

शेजारच्या राज्यात काय झाले? छत्तीसगडने असाच कायदा 2005 मध्ये केला आणि 2024 मध्ये त्याच कायद्याने मूलवासी बचाव मंच ही आदिवासी तरुणांची संघटना बेकायदेशीर ठरविली. कारण दाखविले ते विकासकामांना व सुरक्षा दलांच्या तळांना विरोध हे. जमिनीवरून हुसकून लावल्या जाणाऱ्याने विरोध केला की तो राष्ट्राचा शत्रू! डॉ. आनंद तेलतुंबडे यांना 1967 च्या कायद्याखाली 14 एप्रिल 2020 रोजी, भीमजयंतीच्या दिवशी, तपासयंत्रणेच्या स्वाधीन व्हावे लागले. उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर ते सुटले 26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनी. या दोन तारखांमध्ये अडीच वर्षांहून अधिक काळ आहे.

आता घरची गोष्ट. या विधेयकाप्रमाणे बेकायदेशीर ठरविलेल्या संघटनेचा सभासद नसतानाही तिला वर्गणी देणाऱ्यास अथवा तिच्यासाठी ती गोळा करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दोन लाखांपर्यंत दंड. सभासदास तीन वर्षे. बेकायदेशीर कृत्य करणाऱ्यास सात वर्षे. गुन्हे सारे अजामीनपात्र. बेकायदेशीर कृत्यासाठी वापरलेली जागा अधिसूचित करून ताब्यात घेण्याचीही तरतूद आहे. आपल्या चळवळीचे भांडवल ते काय? पावतीपुस्तक आणि विहाराचे सभागृह. आज जयंतीला, उद्या शेतमजुरांच्या मेळाव्याला, परवा परगावच्या वक्त्याला आपण ते उघडून देतो.

म्हणून विहार समितीने प्रत्येक वर्गणीची पावती फाडावी, सभागृह कोणास व कशासाठी दिले याची वहीत नोंद करावी, पोलीस जबाब मागतील तर लेखी सूचना मागावी व वकिलास सोबत न्यावे. मात्र भीतीने कोणाला दार बंद करू नका. आणि आपल्या आमदारांना सभेस बोलवा. ‘तत्सम’ याचा अर्थ काय समजून मत दिले, हे त्यांना सर्वांसमक्ष विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या व त्यावर त्यांची सही घ्या.