नाताळचे उरलेसुरले आणि आपली गुरे

नाताळात आपल्या घरोघरी एक प्रेमळ चूक होते. पाहुणे जेवून जातात, पातेल्यात भात उरतो, करंज्या उरतात. टाकवत नाही. मग घरची बाई म्हणते, "मुक्या जिवालाही सण कळू दे," आणि घमेलेभर अन्न गाईपुढे ठेवते. आम्हीही हे केले आहे. आमची दुभती म्हैस असाच पुलाव खाऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसली, ती उठलीच नाही. तेव्हापासून या बाबतीत आमचे मत कडक आहे. सणाचे ताट जनावरापुढे ठेवणे ही दया नव्हे.

गुरांचे पोट पिंजर, कडबा, गवत यांवर चालते. एकाएकी पोटभर भात किंवा पीठ गेले की ते पोटात आंबते, आम्ल वाढते व पोटाची हालचाल बंद पडते. जनावर रवंथ सोडते, दात खाते, शेण पातळ व आंबूस पडते. एकदोन दिवसांत ते दगावूही शकते. अशा वेळी नळ्याने तेल पाजण्याची घाई करू नये. ते फुप्फुसात गेले तर दुखण्यावर दुखणे. पशुवैद्यांनाच बोलवावे. उरलेला भात शेजारी वाटावा, नाहीतर शेणखड्ड्यात जावा. त्यात पाप नाही.

दुसरी गोष्ट गव्हाणीच्या देखाव्याची. मुले हौसेने खरे पिंजर अंथरतात, आणि तीन राजांच्या सणानंतर देखावा मोडला की तेच पिंजर उचलून गोठ्यात टाकले जाते. त्यात टाचण्या, नक्षत्राच्या तारेचे तुकडे, चमकी, थर्माकोल सारे असते. गाय वैरण नीट चावून निवडत नाही, गिळते. तार दुसऱ्या पोटात अडकते आणि तेथून पडदा भेदून काळजापर्यंत पोचू शकते. गाय हळूहळू वाळते, दूध तुटते, आणि आपण दृष्ट काढत बसतो! ते पिंजर जाळावे हे बरे, पण आधी प्लास्टिक व थर्माकोल वेचून काढावे.

कुत्र्याचे थोडक्यात सांगतो. शिजलेली हाडे फुटून आतड्याला टोचतात. मनुकांचा केक आणि चॉकलेट त्याला विषासारखे आहे. मनुकांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लाडाने तुकडा टाकणाऱ्या पाहुण्या मुलांना हे आधीच सांगावे. मध्यरात्रीच्या मिस्सेला जाताना कुत्र्याला आतल्या खोलीत ठेवावे, कारण फटाक्यांना भिऊन तो दोर तोडून पळतो व रस्त्यावर गाडीखाली येतो. घाबरलेले कुत्रे चावले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून लगेच आरोग्य केंद्रात लसीसाठी जावे. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर टोचून घेणे हे तर नाताळच्या आधीचेच काम.

आणखी एक अडचण दरवर्षी येते. पंचवीस तारखेला सरकारी दवाखाना बंद असतो, आणि जनावर नेमके त्याच रात्री आजारी पडते. म्हणून आगमनकाळातच आपल्या भागातील पशुवैद्यांचा नंबर गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवावा. बऱ्याच राज्यांत १९६२ या नंबरावर फिरता पशुदवाखाना मागवता येतो. तो आपल्या गावापर्यंत येतो का, हे सण येण्याआधी एकदा विचारून घ्यावे.